घाम मुरेपर्यंत

पैलवान तयार कसा करायचा, यावर कोल्हापुरात कुणीही तासभर बोलेल. जोर किती, बैठका किती, दूध कुठलं, तूप किती, कुणाचा पट कसा आणि कुणाची ढाक कशी, हे पानाच्या गादीवरचा माणूससुद्धा सांगतो. पण लढत झाल्यावर त्या तापलेल्या गड्याला पुन्हा माणसात कसं आणायचं, हा विषय कुणी काढत नाही. आमच्या वेळच्या तालमीत मात्र दिवसातला निम्मा वेळ याच कामात जायचा. त्याला कुणी काही नाव दिलेलं नव्हतं, म्हणून बहुधा ते लक्षातही राहिलं नाही.

तालीम म्हणजे जाड भिंतींची, रस्त्यापेक्षा खाली उतरलेली, वाकून आत जायच्या दाराची खोली. खिडकी असलीच तर छताजवळ, हातभर. मारुतीपुढच्या दिव्याचा आणि वरच्या मिणमिणत्या बल्बचा मिळून जेवढा उजेड पडेल तेवढाच. त्या अंधाराचं लहानपणी दडपण यायचं. पहाटे चारला उठून आधी खोऱ्याने कुस्तीच्या मातीचा हौदा उकरायचा, मग जोर-बैठका आणि मग लढती. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर आणि काव मुरवलेली असे. जमीन उकरताना तो सगळा वास एकदम वर यायचा आणि अर्धी झोप तिथंच उडायची.

लढत म्हणजे कसली? जोडीचा गडी अंगावर आला की छातीत भाता चालू व्हायचा. कानशिलं तडतडायची, तोंडाला कोरड पडायची, समोरच्याच्या मानेपलीकडे काही दिसायचं नाही. रोजचा मित्र असला तरी त्या घटकेला तो मित्र नसायचा. कुणाचं कोपर नाकावर बसायचं, कुणाचं नख डोळ्याजवळ लागायचं आणि राग असा उसळायचा की सुटलेली पकड पुन्हा घालताना मुद्दाम जोर जास्त लागे. वस्ताद हे कट्ट्यावरून बघत असत. हात नेहमीपेक्षा जड पडायला लागला की "सुटा!" असा एकच आवाज यायचा.

सुटल्यावर लगेच बसायची सोय नव्हती. हौद्याच्या कडेकडेनं फेऱ्या मारायच्या, हात सैल सोडून. पोरगं मटकन बसलं की वस्तादांची शिवी ठरलेली. पळता माणूस एकदम थांबला की रक्त पायात साचतं, मेंदूकडे जायला वेळ लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे मी पुढे शिकलो. वस्तादांनी ते कुठं वाचलेलं नव्हतं. त्यांनी चक्कर येऊन पडलेली पोरं पाहिली होती. "तोंड मिट. नाकानं घे, नाकानंच सोड. सोडताना घाई करू नको," एवढंच ते म्हणत. तोंड मिटून श्वास घेणं त्या क्षणी मरणप्राय वाटतं. पण चौथ्या-पाचव्या फेरीला छातीतला भाता मंदावायचा आणि आजूबाजूची माणसं पुन्हा दिसायला लागायची.

मग भिंतीला पाठ लावून बसायचं. कोणीतरी ओंजळभर माती पाठीवर, खांद्यांवर टाकायचा आणि तळव्यानं पसरायचा. घामावर मातीचा थर बसायचा आणि हळूहळू सुकायचा. "घाम मुरू दे" हे त्या वेळचं परवलीचं वाक्य. अंगावर वारं घ्यायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, बाहेर जायचं नाही. माती सुकून तडकायला लागली की बोटानं खरवडून काढायची आणि मगच आंघोळ. या बसण्याला घड्याळ नव्हतं. पाऊण तास व्हायचा, कधी जास्त. कोणी डोळे मिटून, कोणी उगाच छताकडे बघत. बोलणं असलंच तर म्हशीचं, उसाचं, घरून आलेल्या पत्राचं. ज्याच्याशी नाकातोंडातून रक्त येईपर्यंत झटलो, त्याच्या शेजारीच हे बसणं असायचं. उठेपर्यंत राग कुठं गेला ते कळायचं नाही.

मालिशही एकमेकांचीच. पगारी मालिशवाला असलाच तर मोठ्या नावाच्या पैलवानाकडे. बाकीच्यांनी जोड्या लावायच्या. कोमट तेल, अंगठ्याचा दाब, पोटऱ्यांपासून वर वर. मांड्या हाताला दाद देणाऱ्या नसल्या तर हलक्या वजनाच्या पोराला वर उभं करायचं. ते भिंतीला धरून पायांनी मांड्या तुडवायचं. मी त्या हलक्या पोरांपैकी. एका दांडग्या पैलवानाच्या मांडीवर उभं राहिल्यावर पायाखाली लाकडी ओंडका असल्यासारखं वाटायचं आणि थोड्या वेळानं तोच ओंडका मऊ पडायला लागायचा. तो पैलवान तेवढ्यात घोरायलाही लागलेला असे. आपल्या पायाखाली एवढा मोठा माणूस निर्धास्त झोपतो, याचा त्या वयात कोण अभिमान वाटायचा! आज मी तुडवायचं, उद्या माझे दंड कोणीतरी चोळायचं, यात लहान-मोठा, गरीब-श्रीमंत फारसं राहत नसे. जात पुसली जायची असं मात्र छातीठोकपणे सांगणार नाही. ती तालमीच्या दाराबाहेर उभी असायची आणि बाहेर पडलं की भेटायची.

थंडाई हा यातला शेवटचा टप्पा, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीचा. बदाम, खसखस, बडीशेप, मगज, वेलदोडे, चार मिरे रात्रभर भिजवलेले. ते दगडी कुंडीत घालायचे आणि लिंबाच्या जाड दांडक्यानं घोटायचे. कुंडी दोन्ही पायांच्या तळव्यात धरून बसायचं आणि दांडकं गोल गोल फिरवत राहायचं. आधी खडखड असा आवाज येतो, मग खरखर आणि शेवटी नुसता ओला, गुळगुळीत असा. आवाज पालटला की वस्ताद न बघता सांगत, "अजून थोडी." घोटणाऱ्याचे हात चालत राहतात, डोकं रिकामं होत जातं आणि बाकीचे तो आवाज ऐकत बसतात. दुधात कालवून, फडक्यातून पिळून लोटा हातात येईपर्यंत सगळी तालीम निवलेली असे. थंडाईत बदामाचं बळ किती ते आहारतज्ज्ञांना विचारावं. ती तयार व्हायला वेळ लागत होता आणि त्या वेळात कुणाला दुसरं काही करता येत नव्हतं, हे बळ मी स्वतः अनुभवलेलं आहे. आता यंत्रात फिरवून दोन मिनिटांत होते. चव तीच आहे, तक्रार नाही.

माझा भाचा आता कुस्ती करतो, मॅटवर. त्याच्या अकादमीत उंच छत आहे, पंखे आहेत, पांढरे दिवे आहेत. माझ्या जुन्या सोबत्यांप्रमाणे हे बघून गळा काढायची मला हौस नाही. त्याची कुस्तीच वेगळी आहे. मातीतली लढत वेळेच्या बंधनाशिवाय अर्धा-अर्धा तास चालायची आणि त्यात निम्मा वेळ खडाखडीत, म्हणजे उभ्यानं एकमेकांचं बळ अजमावण्यात, जायचा. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. त्या सहा मिनिटांत रक्तात जेवढं लॅक्टेट साठतं, तेवढं आमच्या खडाखडीत बहुधा कधी साठलं नसेल. वर एकाच दिवसात तीन-तीन, चार-चार कुस्त्या. भिंतीला टेकून पाऊण तास बसायची चैन त्याला परवडणारी नाही.

त्यांचं वेळापत्रक असं: सराव संपला की हलकं धावणं, मग ताण देणं, मग फोमचा रोलर मांडीखाली घालून पुढे-मागे सरकणं. फिजिओ दुखणारा भाग तपासतो. आठवड्यातून कधी बर्फाच्या पाण्याचा टब, दहा-पंधरा मिनिटं, पाणीही तेवढ्याच अंशांचं. मनगटावरचं घड्याळ सांगतं की एका मिनिटात नाडी किती उतरली आणि रात्री झोप किती झाली. मानसशास्त्राच्या बाईंनी श्वास शिकवलाय: चार मोजत घ्यायचा, आठ मोजत सोडायचा. लांब सोडलेल्या श्वासानं हृदयाची गती उतरते, कारण त्या वेळी मेंदूकडून निघालेली व्हेगस नावाची लांबलचक नस हृदयाला लगाम घालते, असं भाच्यानं मला आकृती काढून समजावलं. मी म्हटलं, "आमचे वस्ताद हेच सांगायचे." तो हसून म्हणाला, "मामा, तुमच्या वस्तादांना सगळंच ठाऊक होतं. पाणी प्यायचं असतं तेवढं सोडून."

खरंच आहे ते. लढतीच्या मधे पाणी पिणं म्हणजे कच्चेपणा, असं आम्हाला शिकवलं होतं. उन्हाळ्यात पोरं बेशुद्ध पडायची आणि आम्ही त्यांना कांदा हुंगवायचो. कान फुटला की ते भूषण. खांदा निखळला की हाडवैद्य. त्यानं बसवला तर बसला, नाहीतर त्या गड्याची कुस्ती तिथंच संपली. त्या एकट्या फिजिओच्या बदल्यात मी आमच्या काळच्या कितीतरी गोष्टी आनंदानं देऊन टाकीन.

पण नव्याचंही सगळं पक्कं नाही. दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं लॅक्टिक ॲसिडमुळे होतं, असं अजून अनेक प्रशिक्षक सांगतात. ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं आणि दुखणं येतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या सूक्ष्म इजांमधून. ताकदीच्या व्यायामानंतर नेमानं बर्फात बसलं तर स्नायूंची वाढ उलट मंदावते, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. रोलरनं आणि सावकाश धावण्यानं दुखणं फारसं कमी होत नाही, बरं वाटतं एवढंच. आता "बरं वाटतं" ही काही छोटी गोष्ट नाही. पण ते वाटायला रोलरपेक्षा दुसऱ्या माणसाचा हात बरा, हे माझं मत भाच्याच्या आकृतीनं बदललेलं नाही. रोलरवर माणूस एकटा असतो, कानात गाणी घालून. शेजारच्या मॅटवर, ज्यानं दहा मिनिटांपूर्वी त्याला चितपट केलं तो गडी, तोही एकटा, त्याच्या कानात त्याची गाणी. दोघांचे स्नायू मोकळे होत असतील. त्या दोघांमधलं जे काही आहे ते कधी मोकळं होतं, कोण जाणे.

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतले एक सुभेदार होते. सुट्टीवर आले की पहिले आठ-दहा दिवस घरात त्यांचा जीव रमत नसे. दारावर थाप पडली की दचकायचे, जेवताना पाठ भिंतीला लावून बसायचे. 71 च्या लढाईनंतर आले तेव्हा तर कुणाशी बोलतच नव्हते. पहाटे मात्र तालमीत यायचे. लढायचे नाहीत, हौदा उकरायचे. आम्ही पोरं उठायच्या आधी सगळा हौदा उकरून, माती चाळून, कडेला बसलेले. वस्तादांनी त्यांना लढाईबद्दल काही विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्यासारखीच त्यांच्याही पाठीवर माती पडायची, त्यांनाही थंडाईचा लोटा मिळायचा, आम्हीच त्यांचे पाय चेपायचो. रजा संपता संपता ते पोरांना डाव सांगायला लागायचे. यानं ते बरे झाले असं मी म्हणणार नाही. रात्री ओरडून उठायचे, हे त्यांच्या घरच्यांकडून पुढं कळलं. आज अशा जवानाला समुपदेशक मिळू शकतो, औषध मिळतं, त्या त्रासाला नाव मिळतं. त्यांना मिळाला तो हौदा आणि न विचारणारी माणसं.

दोन झुंजींच्या मधली विश्रांती हा तर हक्काचा प्रश्न आहे आणि त्याची जखम आपल्या मराठी कुस्तीच्या अगदी वर्मी बसलेली आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 57 किलो गटात ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्या स्पर्धेत जपानच्या इशीबरोबरची दीर्घ कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. तो बजावून सांगायला आपल्याकडचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. घाम मुरू द्यायला अर्धा तास मिळाला असता तर, हा प्रश्न आमच्याकडचे जुने पैलवान अजून गुऱ्हाळावर बसून एकमेकांना विचारतात.

आता नियम मोडत नाहीत, नियमच असे आहेत. 2018 पासून एका वजनगटाची स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही सकाळी वजन होतं. म्हणजे उपांत्य फेरी लढून उतरलेला मल्ल त्या रात्री शांत व्हायचा सोडून पुन्हा तापायला लागतो. पॅरिसमध्ये 2024 साली अमन सेहरावतनं त्याच 57 किलोत ब्राँझ मिळवलं. आदल्या रात्री त्याचं वजन सुमारे साडेचार किलोंनी वाढलेलं होतं आणि रात्रभर मॅट, सॉना, ट्रेडमिल असं चालवून ते उतरवलं गेलं. त्याच स्पर्धेत विनेश फोगाट 50 किलोत एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली, रात्रभर तेच सगळं केलं, केससुद्धा कापले आणि सकाळी वजन 100 ग्रॅमनं जास्त भरलं. अपात्र. टीव्हीवर ते पाहताना माझ्या शेजारी बसलेले एक म्हातारे पैलवान एवढंच म्हणाले, "पोरीला झोपू तरी द्यायचं होतं रं." वजनाचे नियम त्यांना कळत नव्हते अशातला भाग नाही.

हरल्यावरची रात्र पूर्वी कशी जायची, तेही सांगतो. मैदान मारलेल्याला लोक खांद्यावर घ्यायचे, फेटा बांधायचे, हलगी वाजायची. हरलेल्याला त्याच्या तालमीची पोरं मधे घेऊन मागच्या बाजूनं काढायची. खासबागसारख्या मैदानात, शाहू महाराजांनी 1912 साली उभारलेल्या त्या खोलगट वाडग्यात, हजारो डोळे वरून खाली बघत असताना पाठ टेकणं काय असतं हे ज्याची टेकली त्यालाच ठाऊक. अशा रात्री आमच्या तालमीत कुस्तीचा विषय बंद. वस्ताद गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर घेऊन जायचे, समोर काढलेल्या धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला हातात द्यायचे आणि भलत्याच गप्पा काढायचे. चूक काय झाली हे दुसऱ्या दिवशी, तेही हौदा उकरून झाल्यावर. पोराला समजावत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण तापल्या लोखंडावर त्यांनी कधी पाणी ओतलं नाही.

भाचा गेल्या वर्षी एका निवड चाचणीत हरला. बूट सोडायच्या आत त्याच्या फोनवर त्याचाच व्हिडिओ आला होता, संथ गतीत, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांसकट. रात्री दोन वाजेपर्यंत तो बघत बसला. घड्याळानं सकाळी झोप अपुरी झाल्याचं लाल अक्षरात कळवलं.

आणि तरीही, जुन्या तालमीला एक गोष्ट अजिबात जमली नाही. एका लढतीतून माणसाला खाली उतरवणं तिला येत होतं, आख्ख्या कुस्तीतून उतरवणं येत नव्हतं. पस्तिशीत मेहनत सुटायची, खुराक सुटायचा नाही. तूप, दूध, मटण तेवढंच, घाम मात्र बंद. साखर कारखान्यावर, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या दारात नोकरी मिळायची आणि तिथं खुर्चीवर बसून ते शरीर सुटत जायचं. मग साखर, मग रक्तदाब, मग गुडघे. काहींनी दारू जवळ केली. ज्यांच्या मांड्या मी तुडवल्या, त्यांतल्या एकाचा पाय पुढे मधुमेहानं गुडघ्याखाली काढावा लागला. लंगोट काढून ठेवल्यावर काय करायचं, हे ज्यांना विचारावं ते वस्तादच त्या वाटेनं गेलेले. भाच्याच्या अकादमीत निवृत्त खेळाडूचा आहार कसा कमी करत न्यायचा यावर एक व्याख्यान झालं. वीस वर्षांच्या पोरांनी ते जांभया देत ऐकलं असणार, पण झालं हे महत्त्वाचं.

त्या अकादमीच्या प्रशिक्षकानं हल्ली एक नवा नियम काढलाय. स्वतः मातीत वाढलेला आहे तो. संध्याकाळचा सराव संपला की सगळ्यांचे फोन पत्र्याच्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली त्याच्या कनवटीला. तासभर मॅटच्या कडेला बसायचं, जोडीदाराचे खांदे-पाठ चोळायची, जमलं तर गप्पा मारायच्या. पोरं वैतागलीत. भाचा म्हणाला, "मामा, तासभर बोलायचं काय? मला त्या जोडीदाराचं गावसुद्धा माहीत नव्हतं." मी विचारलं, "मग आता कळलं का?" "हो, गडहिंग्लजकडचा आहे. त्यांच्या म्हशीला पारडू झालंय." बोलता बोलता त्यानं हेही सांगून टाकलं की निम्म्या पोरांनी डब्यात टाकायला म्हणून जुने, बंद पडलेले फोन आणून ठेवलेत, आणि प्रशिक्षकाला ते ठाऊक आहे.